मिजाजदार, तमीजदार आणि सोशिक

मुस्लिम मराठी लेखकांच्या पुस्तकांतील अर्पणपत्रिका हा खरे तर एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. अम्मी-अब्बांच्या पाठोपाठ तेथे बायको येते आणि येताना बहुधा विशेषण घेऊनच येते. सोशिक, समंजस, नेक, घरंदाज. एखादे वेळी तिचे नाव गाळलेले असते, विशेषण मात्र सहसा गाळलेले नसते. पान उलटून आत गेलो तर कथेतली बायकोही याच चार-पाच शब्दांवर उभी असलेली दिसते. ती पहाटे उठते, सर्वांच्या मागून जेवते, नवऱ्याच्या रागापुढे गप्प बसते आणि शेवटच्या परिच्छेदात डोळ्यांना पदर लावते.

मुख्य प्रवाहातील मराठी साहित्याने मुस्लिम स्त्रीला दिलेली विशेषणे आपण संमेलनांतून, चर्चासत्रांतून बरीच मोजली आहेत. बुरखाधारी, पिचलेली, अडाणी. नाहीतर एकदम गोरीपान आणि सुरमा ल्यालेली. ही तक्रार रास्तच आहे. बाहेरचा लेखक उंबऱ्यापर्यंत येतो आणि त्याला बुरखा तेवढा दिसतो. पण आम्ही तर घरात राहतो. बुरखा खुंटीला टांगल्यावर जी बाई उरते तिच्याबरोबर आमचे आयुष्य जाते. तिच्यासाठी आम्हाला 'सोशिक' यापलीकडे शब्द सापडू नये, हे कशाचे लक्षण मानायचे?

या सवयीला जुनी परंपरा आहे. डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही उर्दू कादंबरी १८६९ सालची. इंग्रज सरकारने तिला हजार रुपयांचे बक्षीस दिले आणि पुढे कितीतरी पिढ्या मुलींच्या हाती ती देण्यात आली. आपल्याकडेही उर्दू वाचणाऱ्या घरांतून ती पोचली. दिल्लीतल्या दोन सख्ख्या बहिणी, अकबरी आणि असगरी, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. सासरी एकीला म्हणतात मिजाजदार बहू, दुसरीला तमीजदार बहू. येथे विशेषण नावाच्या जागी जाऊन बसले आहे. वाचक पहिल्या काही पानांतच निकाल ऐकतो. उरलेली पाने पुराव्याची.

गंमत अशी, की पुरावा निकालाला पुरत नाही. असगरी घराचा हिशोब तपासते, वर्षानुवर्षे चोरी करणाऱ्या मामा अजमत या मोलकरणीचे पितळ उघडे पाडते, नवऱ्याला मार्गी लावते, मोहल्ल्यातल्या मुलींचे मकतब चालवते. हे सारे 'तमीज' या शब्दात मावते काय? ही बाई हुशार आहे, धोरणी आहे, प्रसंगी डाव टाकणारीही आहे. पण लेखकाला बक्षीसपात्र सून हवी असल्याने तो तिच्या कर्तबगारीला शिष्टाचाराचा पोशाख घालतो. अकबरीचे उलटे. ती भांडते, वेगळी चूल मागते, एका भामट्या हज्जनच्या गोड बोलण्याला भुलून दागिने घालवते. तिला वाईट म्हणून झाल्यावर नजीर अहमदांना तिची काळजी उरत नाही आणि म्हणूनच ती मोकळेपणाने बोलू लागते. आमच्या मते कादंबरीतली खरी जिवंत बायको तीच. आम्ही मात्र दीडशे वर्षांनंतरही तमीजदार बहूच लिहीत बसलो आहोत.

'गरीब' हा शब्द घ्या. 'बायको स्वभावाने गरीब आहे' असे आपण कौतुकाने लिहितो. अरबीत गरीब म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला. सासरी आलेल्या मुलीला हा मूळ अर्थ किती नेमका लागू पडतो! पण आम्ही तो पुसून टाकला. तिचे परकेपण हा तिचा सद्गुण करून ठेवला.

बाहेरच्यांनी चालवलेले विशेषण आतल्यांनी कसे उचलले, याचे उदाहरण शाहबानो. १९७८ मध्ये पोटगीसाठी इंदूरच्या न्यायालयात गेलेली ही बाई त्या वेळी बासष्ट वर्षांची होती, नवरा स्वतः वकील. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने लागला. मग गदारोळ झाला आणि समाजाच्या दबावात त्याच वर्षी तिने तो निकाल नाकारला. सात वर्षे लढणारी आणि हाती आलेले सोडून देणारी बाई एकच. तिच्याविषयी लिहिणाऱ्या दोन्ही बाजूंना 'बिचारी' हा शब्द पुरला. २०१७ चा तिहेरी तलाकवरचा निकाल आणि २०१९ चा कायदा यांच्या वेळी तर 'पीडित' हे विशेषण बाईच्या नावाआधी छापूनच येऊ लागले. कोर्टाची पायरी चढायला पैसे कोठून आणले, मुलांना कोणाकडे ठेवले, हे सांगणारी कथा आम्ही लिहायला हवी होती.

विशेषणे वर्ज्य करा असे आमचे म्हणणे नाही. 'काटकसरी' लिहून लेखक मोकळा होतो, त्याला आमची हरकत आहे. ईदेच्या आठ दिवस आधी तीच बाई पाच मीटर कापडात दोन पोरींचे फ्रॉक आणि उशांचे अभ्रे बसवते, उरलेल्या चिंध्या शेजारणीला देत नाही, हे लिहिले तर काटकसर दिसते, थोडा कंजूषपणाही दिसतो. तो दिसू द्यावा. आपल्या बायकोत दोष दाखवला तर कौमची बदनामी होईल, ही भीती आमच्या लेखणीला फार आहे. बाहेर आधीच इतके बोलले जाते, त्यात आपण भर कशाला घाला, असे वाटते. या भीतीपोटी आम्ही तिला नेक करून टाकतो.

मेहरुन्निसा दलवाई यांच्याकडे म्हणून पुन्हा जावे लागते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, त्या सातांत त्या होत्या. १९७७ मध्ये हमीदभाई गेले. सुधारकाची बायको म्हटले की त्यागी, सोशिक सहचारिणी हे शब्द आयतेच हाताशी असतात. बाईंनी आत्मकथन केले आणि त्याला नाव दिले 'मी भरून पावले आहे'. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे. विशेषण एकही नाही.