'आपण' आणि 'आम्ही' : वस्तीच्या खेळाचा प्रारंभ

वाङ्मयप्रकारांचा विचार करताना मराठी समीक्षेने मुद्रित संहितेला मध्यवर्ती स्थान दिले. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी मौखिक परंपरेची दखल घेतली, हे खरे. पण जे कथन ना लिहिले जाते, ना प्रेक्षकांसमोर सादर होते, जे चार-सहा माणसे एकत्र बसून केवळ एकमेकांसाठी घडवतात, त्याचे काय करावयाचे हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारलेला नाही. भूमिका घेऊन खेळावयाचा कल्पित खेळ, ज्याला आजचे तरुण 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात, हे अशा कथनाचे उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या एकाच उपप्रकाराचा, आणि त्यातही केवळ प्रारंभाचा, विचार करावयाचा आहे : रानात नवी वस्ती वसविण्याचा सहकारी खेळ.

या प्रकाराचा मुद्रित इतिहास अलीकडचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन खेळरचनाकारांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली प्रसिद्ध झाला. एक सूत्रधार जगाचे वर्णन करतो, बाकीचे एकेक पात्र धारण करून आपली कृती सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात, असा त्याचा ढाचा. पुढे या ढाच्यातून निरनिराळ्या शाखा फुटल्या. अव्हेरी आल्डर यांच्या 'द क्वाएट इयर' (२०१३) या खेळात तर सूत्रधारच नाही. खेळाडू पत्ते उलटीत एका समूहाच्या एका वर्षाचा नकाशा मिळून रेखाटतात. म्हणजे पराक्रमी व्यक्तीकडून वस्तीकडे, आणि एका निवेदकाकडून अनेकांकडे, असा हा प्रवास आहे.

आपल्याकडे याला पूर्वसूरी नाहीत असे मानण्याचे कारण नाही. दिवाळीतला किल्ला घ्या. मुले माती आणतात, बुरूज रचतात, अळीव पेरून रान उगवतात, पायथ्याशी विहीर, बाजार आणि देऊळ मांडतात. ही वस्ती वसविण्याची क्रियाच असते आणि ती एकट्याने होत नाही. दक्षिण कोकणातील दशावतार तर या खेळाच्या अधिकच जवळचा आहे. तेथे लिखित संहिता नसते. प्रयोगापूर्वी आख्यान ठरते आणि संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे घडवितात. फरक इतकाच, की दशावताराला समोर प्रेक्षक असतो. भूमिकाखेळात प्रेक्षक, नट आणि नाटककार या तिन्ही जागा त्याच माणसांकडे असतात. भरताच्या नाट्यशास्त्रात देव ब्रह्मदेवाकडे नाट्य मागतात ते 'क्रीडनीयक' म्हणून, म्हणजे खेळावयाची वस्तू म्हणून, हे येथे आठवावे. नाट्याच्या मुळाशी खेळ आहे, हा विचार आपल्याला परका नाही.

तरीही एक अडचण उरते. योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळ हा दैनंदिन जीवनापासून स्थळाने आणि काळाने वेगळा काढलेला, स्वतःच्या नियमांनी बद्ध असा व्यवहार मानला. ही भूमिका आपल्या परिचयाच्या स्वायत्ततावादाशी मिळतीजुळती आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद हे सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव म्हणून मांडले आणि कोणत्याही एका ध्रुवावर ठामपणे उभे राहता येत नाही हे दाखविले. वस्तीचा खेळ नेमका या दोन ध्रुवांच्या ताणात सापडतो. तो स्वायत्त असल्याशिवाय खेळता येत नाही. पण 'रान', 'वस्ती', 'जमीन' हे शब्द उच्चारताच लौकिक आत शिरते. ते कसे शिरते, हे एका प्रत्यक्ष अनुभवावरून पाहू.

पेण आणि रोहा येथून दिवा-रोहा मार्गावरच्या गाडीने ये-जा करणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी असा खेळ आरंभला, तेव्हा प्रस्तुत लेखक केवळ साक्षी म्हणून उपस्थित होता. मुलांनी स्वतःपुरते दोन नियम केले होते. कोऱ्या कागदावर प्रत्येकाने एकेक गोष्ट मांडावयाची, हा पहिला. आणि एकाने मांडलेले दुसऱ्याने खोडावयाचे नाही, हा दुसरा. सूत्रधार झालेल्या मुलाचे पहिले वाक्य होते : "आपण सात जण निर्जन रानात येऊन पोचलो आहोत." पेणकडच्या मुलाने कागदाच्या पश्चिमेस उधाणाची खाडी काढली. रोह्याच्या मुलीने उन्हाळ्यातही न आटणारी नदी काढली. कुणी अवचितगडासारखा गड मांडला, कुणी त्याच्या पोटात राक्षसाची गुहा. शेवटची पाळी एका कातकरी वाडीवरून येणाऱ्या विद्यार्थिनीची होती. तिने रानाच्या मधोमध एक लहानशी खूण केली आणि सांगितले : "इथं विझलेली कातभट्टी आहे. चुलांची रांग, फुटकी मडकी, खैराची तोडलेली खोडं."

कुणी काही बोलले नाही. पहिल्या वाक्यातील 'निर्जन' हे विशेषण त्या खुणेने रद्द केले होते, आणि नियमानुसार ती खूण खोडता येत नव्हती.

या क्षणाचे वाङ्मयीन स्वरूप नीट पाहिले पाहिजे. त्या मुलीने निषेध केला नाही, भाषण केले नाही, खेळ थांबविला नाही. तिने खेळाच्या संकेतव्यवस्थेतच एक तपशील मांडला. कातकरी हे नावच कात करण्याच्या व्यवसायावरून पडलेले आहे. खैराचे लाकूड उकळून कात काढणारा हा समाज जंगलाच्या कायद्यांनी त्या व्यवसायास मुकला आणि वीटभट्ट्यांच्या व कोळशाच्या मजुरीकडे लोटला गेला. रायगड जिल्ह्यातील कित्येक कातकरी वाड्यांच्या घराखालची जमीन आजही त्यांच्या नावावर नाही. यातले एक वाक्यही ती बोलली नाही. एका विझलेल्या चुलीत ते सारे सामावले. चांगल्या कथेतील तपशील जे करतो, तेच या तपशिलाने केले : त्याने वर्तमानाला भूतकाळ दिला.

आता सूत्रधाराच्या वाक्यातील 'आपण' या सर्वनामाकडे वळू. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी इंग्रजीत एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. 'आपण' ऐकणाऱ्याला आत घेते, 'आम्ही' त्याला बाहेर ठेवते. पाश्चात्त्य खेळाच्या नियमपुस्तकाला हा भेद करावाच लागत नाही. मराठीत खेळणाऱ्याला मात्र प्रत्येक वाक्यागणिक निवड करावी लागते. 'आपण वस्ती करू' हे वाक्य सात जणांत बोलले जाते तेव्हा ते सहकाराचे असते. तेच सात जण भट्टीच्या मूळ मालकासमोर उभे राहिले, तर त्यांना 'आम्ही वस्ती करणार' असे म्हणावे लागेल, आणि सहकार क्षणात अतिक्रमण होईल. पुढच्या फेरीत झालेही तसेच. त्या मुलीने आपले पात्र बदलून मागितले आणि भट्टीजवळ राहणारी म्हातारी होऊन ती म्हणाली : "तुम्ही यायच्या आधी आम्ही इथं होतो." एका सर्वनामाने अवघ्या खेळाचा आकृतिबंध बदलला. बाख्तिनने कादंबरीच्या संदर्भात ज्या अनेकस्वरतेची चर्चा केली, ती येथे कुणा लेखकाच्या औदार्याने आलेली नव्हती. दुसरा स्वर प्रत्यक्ष दुसऱ्या व्यक्तीचा होता.

एकदा ही दृष्टी आली की नकाशावरील इतर 'नैसर्गिक' गोष्टीही तशा उरत नाहीत. रोह्याच्या मुलीची न आटणारी नदी ही उघडच कुंडलिका होती. कुंडलिकेला उन्हाळ्यात पाणी असते ते भिरा येथील वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. ते पाणी घाटावरच्या मुळशी धरणाचे, ज्याविरुद्ध १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. म्हणजे एका वस्तीची बारमाही नदी ही दुसऱ्या वस्तीच्या बुडण्यातून आलेली आहे. पेणच्या मुलाची खाडीही तशीच. या तालुक्याची खार जमीन निसर्गाने दिलेली नाही. खाजणाला बांध घालून, उघाडीतून खारे पाणी बाहेर काढून, काही पावसाळे मातीतले मीठ धुऊन जाण्याची वाट पाहून ती भाताखाली आणली गेली.

वस्तीच्या खेळाचे खरे देशी प्रतिमान प्रस्तुत लेखकास येथे दिसते. पाश्चात्त्य कल्पिताने आपल्याला जे वसाहतीचे चित्र दिले आहे, त्यात एकदा रान तोडले, राक्षस मारला, कुंपण घातले की वस्ती 'झाली'. खारभूमीत वस्ती कधीच 'होत' नाही, ती दरवर्षी राखावी लागते. खेकड्याच्या एका बिळातून पाणी शिरते आणि पुढच्या उधाणाला खांड पडते. म्हणूनच जोळ पद्धतीने शेतकरी सामुदायिकरीत्या बांधाची दुरुस्ती करीत. एकाच्या शेतापुढचा बांध ही सर्वांची जबाबदारी असे. पण या सहकारालाही भाबडेपणाने पाहू नये. बांधाची माती टाकणारा आणि जमिनीचा मालक हे पुष्कळदा निराळे होते. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ असा जो प्रदीर्घ संप केला, त्याचे मूळ याच विषमतेत होते. आणि जागा कुणाची हा प्रश्न येथे अजून इतिहासजमाही झालेला नाही. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जनमत घेण्यात आले होते.

मराठी कादंबरीने वस्तीचे कथन केलेले आहेच. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) धनगरांची वाडी मिळून तालीम उभारते. तालीम होते आणि मागोमाग येणारा दुष्काळ वाडीच रिकामी करतो. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत एका घराण्याच्या पिढ्यांतून वस्तीचा उदय आणि ऱ्हास दिसतो. दोन्हींत वस्तीचा शेवट लेखकाला ठाऊक आहे. म्हणून तिचा प्रारंभही त्या शेवटाच्या प्रकाशात लिहिलेला आहे. खेळाच्या प्रारंभाला ही सोय नाही. त्याला पुढचे ठाऊक नसते. त्याला फक्त नियम ठाऊक असतात. कादंबरीतील एकसंधतेची अपेक्षा त्याच्याकडून करणे हा निकषांचा घोटाळा होईल. येथे पाहावयाचे ते हे, की आरंभीच्या संकेतांत पुढे येणाऱ्या अनपेक्षिताला जागा ठेवली आहे की नाही.

या प्रकाराच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. फाशांचे आकडे श्रमाला हिशेबात बदलतात. 'दहा लाकडे, एक झोपडी' असे समीकरण झाले की बांधावर माती टाकणारी पाठ दिसेनाशी होते. सूत्रधार वरचढ झाला तर अनेकस्वरता नावापुरतीच उरते. आणि मुख्य म्हणजे, खेळात म्हाताऱ्या कातकरणीला मिळालेला शब्द वाडीच्या सातबाऱ्यावर उमटत नाही. कलेने लौकिक प्रश्न सुटतात असा दावा येथे नाही.

परंतु समीक्षेपुढचा प्रश्न वेगळा आहे. त्या सायंकाळी खेळ मोडला नाही. बऱ्याच वेळाने सूत्रधाराने आपले पहिले वाक्य मागे घेतले आणि नव्याने सांगितले : "आपण सात जण एका रानात येऊन पोचलो आहोत. इथं आधी कुणीतरी आहे." मग त्याने त्या मुलीकडे पाहून विचारले, "आपण आत यायचं का?" प्रारंभ पुन्हा लिहिला गेला, आणि तो पहिल्याहून चांगला होता, नैतिक दृष्ट्या तर होताच, पण कथन म्हणूनही. पहिल्या वाक्यातून फक्त झोपड्या निघाल्या असत्या. दुसऱ्या वाक्यातून गोष्ट निघाली, कारण त्यातल्या 'आपण'मध्ये कोण येते आणि कोण नाही, हे अजून ठरावयाचे होते.