तीन घरं, एक माणूस

मामुट्टीशी माझी ओळख बाबासाहेबांमुळे झाली. जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये केरळचा नट बाबासाहेब होणार, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं. मग मिशी उतरवलेला, चष्मा लावलेला तो माणूस पडद्यावर आला आणि शंका तिथेच मिटली. १९९८चं राष्ट्रीय पारितोषिक त्याला या भूमिकेसाठी मिळालं. तेव्हापासून तो जे करील ते शोधून काढून पाहायचं, ही माझी सवय आजवर सुटलेली नाही.

मामुट्टीचा जन्म १९५१चा. सत्तरी उलटल्यानंतर बहुतेक नायक कौतुक सोहळ्यांत रमतात किंवा नायकाचे वडील होतात. यानं स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि कुणी दुसरा निर्माता सहजी हात लावणार नाही अशा गोष्टी तिथे करायला घेतल्या. ‘नन्पकल नेरत्तु मयक्कम’ आणि ‘कादल: द कोअर’ हे दोन्ही सिनेमे त्या संस्थेचे. त्यांच्याबरोबर ‘भ्रमयुगम’ ठेवला, की मला एकच नट तीन घरांत तीन तऱ्हांनी वावरताना दिसतो. एका परक्या घरात तो मालकासारखा शिरतो, एका स्वतःच्या घरात परक्यासारखा राहतो आणि तिसरं घर तो खाऊन टाकतो.

पहिल्या घराबद्दल मी तासन्‌तास बोलू शकेन. लिजो जोस पेल्लिसेरी यांच्या ‘नन्पकल’चं नाव मराठीत आणायचं तर ‘भर दुपारची गुंगी’ असं काहीतरी होईल. वेलांकण्णीची यात्रा करून एक मल्याळी नाटकमंडळी बसनं परत निघाली आहे. मंडळींचा म्होरक्या जेम्स. कुरकुरा, पैशाला जपणारा, तमिळ गाण्यांना आणि जेवणाला नाकं मुरडणारा. जेवणानंतर सगळी बस पेंगते. जेम्स जागा होतो, बस थांबवायला लावतो, खाली उतरतो आणि शेतांमधून चालत एका तमिळ खेड्यात शिरतो. एका घराच्या अंगणातली वाळत घातलेली लुंगी उचलून नेसतो. गुराला चारा घालतो. हे घर सुंदरमचं, आणि सुंदरम दोन वर्षांपूर्वी नाहीसा झालेला आहे.

अंगात आल्याचं दाखवायला नटाला केवढा वाव असतो! डोळे फिरवावेत, अंगाला कंप सुटावा, आवाज चिरका व्हावा. मामुट्टी यातलं काहीच करत नाही. तो फक्त वस्तूंची जागा ओळखतो. आपल्या घरात आपण तांब्या कुठे आहे ते बघत नाही, हात आपोआप तिकडे जातो. त्याचे हात तसे जातात. चालणंही बदलतं, पण किंचित. जेम्स पाय आखडून, रस्त्यावर रागावल्यासारखा चालायचा. सुंदरमचे पाय त्या मातीला सरावलेले आहेत. मी एकदा खालची इंग्रजी अक्षरं झाकून हा भाग पाहिला. ना मल्याळम येत, ना तमिळ, तरी कोणत्या क्षणी जेम्स संपला ते नेमकं कळलं.

साखरेचं उदाहरण मला फार आवडतं. जेम्सला चहात साखर नको असते. सुंदरम झाल्यावर तोच माणूस जास्तीची साखर मागतो, आणि मागतो ती रोजच्या गिऱ्हाइकाच्या हक्कानं. माणूस बदलला हे आधी जिभेला कळतं. थेनी ईश्वर यांचा कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ एका जागी खिळलेला आहे, शेजारच्या घरांतून जुन्या तमिळ सिनेमांचे संवाद आणि गाणी ऐकू येत राहतात. जवळून टिपलेल्या चेहऱ्याचा आधार नटाला फारसा मिळत नाही. जे सांगायचं ते दुरून, अख्ख्या देहानं सांगावं लागतं. सुंदरमची आई आंधळी आहे आणि टीव्हीसमोर बसून असते. घरचे हबकलेले असताना तिला मात्र या माणसाच्या येण्याचं काहीच नवल वाटत नाही. चेहरा न दिसणाऱ्या बाईनं त्याला आपलं मानलं, यापेक्षा मोठी दाद त्या अभिनयाला कुठली मिळणार?

‘कादल’मधलं घर त्याचं स्वतःचं आहे. मॅथ्यू देवस्सी, निवृत्त बँक कर्मचारी, ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभा. नेमकी तेव्हाच बायको ओमाना घटस्फोटाचा दावा लावते. मॅथ्यू समलिंगी आहे, आणि वीस वर्षांचा संसार दोघांनी गप्प राहून ओढला आहे. जिओ बेबी यांनी आरडाओरडा कुठेच ठेवलेला नाही. मामुट्टी इथे खांदे पाडून बसतो, कुणी खोलीत आलं की बूड हलवावं की नाही अशा संकोचात. ज्योतिकाची ओमाना त्याच्याहून ताठ आहे, आणि तो तिला तसं राहू देतो. मोठ्या नटानं दृश्य समोरच्याला देऊन टाकणं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. शेवटाकडे तो ओमानाला बिलगून देवाचं नाव घेत रडतो. ते रडणं देखणं नाही. इतकी वर्षं आवळून धरलेला घसा एकाएकी सुटतो, तसं ते आहे.

‘भ्रमयुगम’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. राहुल सदाशिवन यांनी २०२४मध्ये आणलेला कृष्णधवल भयपट. काळ सतराव्या शतकातला मलबारचा. रानात वाट चुकलेला थेवन नावाचा पाणन जातीचा गायक एका ढासळत्या वाड्यात आसरा मागतो. वाड्याचा धनी कोडुमोन पोट्टी त्याला गोड बोलून ठेवून घेतो, सोंगट्या खेळायला बसवतो आणि डावात त्याचं आयुष्यच जिंकून घेतो. पोट्टी मांस खातो ते बघावं. घाई नाही, लाज नाही, दात आणि जबडा यांचंच राज्य. ब्राह्मणाच्या घरी हे कसं, असा प्रश्न आपल्याला पडतो आणि त्यातच पुढचं गुपित आहे: त्या देहात पोट्टी नाहीच, चात्तन नावाचं पिशाच्च शिरून बसलं आहे. म्हणजे ‘नन्पकल’सारखाच परक्याचा ताबा. पण सुंदरम घरात येऊन गुराला चारा घालत होता, हा आल्या-गेल्याचा काळ गिळतो. इथे जातीचा विचार करू नकोस असं आर्जवानं सांगत तो थेवनला जवळ बसवतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ज्या चेहऱ्यात आम्ही बाबासाहेब पाहिले, त्याच चेहऱ्यानं समतेची भाषा गळाला लावली होती. हा काटा मल्याळी प्रेक्षकापेक्षा आपल्याला जास्त टोचावा. केरळ सरकारचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार या भूमिकेला मिळाला याचा मला घरच्यासारखा आनंद झाला.

मधल्या काळात त्यानं ‘टर्बो’सारखी हाणामारीही केली. ती मी पाहिली आणि सोडून दिली. २०२५मध्ये प्रकृतीमुळे तो काही महिने चित्रीकरणापासून दूर होता, तेव्हा रोज बातमी शोधत होतो. ऑक्टोबरमध्ये तो महेश नारायणन यांच्या ‘पेट्रियट’च्या सेटवर परतला, सोबत मोहनलाल. डिसेंबरात ‘कळमकावल’ आला. विनायकन पोलीस आणि हा बायकांचे जीव घेणारा खुनी. या वयात नायकपण इतक्या सहज दुसऱ्याच्या हाती देणारा दुसरा कोण आहे?

पण माझं खरं लक्ष लागलं आहे ते अडूर गोपालकृष्णन यांच्याकडे. ‘अनंतरम’, ‘मतिलुकल’, ‘विधेयन’ हे तीन सिनेमे दोघांनी मिळून केले, आणि ‘विधेयन’मधला जुलमी पटेलर हा पोट्टीचा थोरला भाऊ शोभेल. आता तीन दशकांनी दोघं पुन्हा एकत्र येताहेत. सिनेमाचं नाव ‘पदयात्रा’. नाव वाचलं आणि आधी आठवली ती ‘नन्पकल’मधली चाल: मागे बस उभी, आत सगळे झोपलेले, दुपारचं ऊन, आणि तो माणूस कुणालाही वाट न विचारता गावाकडे निघालेला.