कोबेनची कीर्ति आणि कौशल्याचा प्रश्न

ज्याच्या बोटांत बेताचेंच कसब होतें, अशा वादकास संगीताच्या इतिहासांत मोठें स्थान द्यावें काय, हा वाद पाश्चात्य रॉक-संगीताच्या रसिकांत कर्ट कोबेनच्या निमित्तानें वारंवार निघतो. अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानांत, ॲबर्डीन या लांकडाच्या धंद्यावर जगणाऱ्या गांवीं, १९६७ सालीं जन्मलेल्या या तरुणाच्या वाद्यवृंदाचें नांव आपल्या पूर्ण ओळखीचें, ‘निर्वाण’. १९९१ च्या सप्टेंबरांत त्यांची ‘नेव्हरमाइंड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, जानेवारी १९९२ मध्यें तिनें मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकन खपाच्या यादींतील पहिल्या स्थानावरून हटविलें, आणि एप्रिल १९९४ मध्यें, वयाच्या २७ व्या वर्षीं, कोबेननें आत्महत्या केली. एवढ्या अल्प काळांत मिळविलेली कीर्ति तीस वर्षांनंतरहि ओसरलेली नाहीं. ती कितपत रास्त आहे?

प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं ऐकून घेतलें पाहिजे, कारण त्यांत तथ्य आहे. एडी व्हॅन हेलननें १९७८ सालीं गिटारच्या पडद्यांवर दोन्ही हातांचीं बोटें नाचवून स्वरांचा जो वर्षाव केला, त्याच्या जवळपासहि कोबेनचें वादन फिरकत नाहीं. असें असतां ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकानें २००३ सालीं शंभर श्रेष्ठ गिटारवादकांच्या यादींत त्याला १२ वें स्थान दिलें. त्याच नियतकालिकाच्या २०११ च्या यादींत तो ७३ वा ठरला. मधल्या आठ वर्षांत दिवंगत माणसाचें वादन कांहीं बिघडलें नव्हतें. बदललें होतें तें मोजणारांचें माप. अकालीं मृत्यूनें कलावंताभोवतीं जें तेजोवलय निर्माण होतें, त्याच्या उजेडांत पुष्कळांना बोटेंहि चपळ दिसूं लागतात!

तथापि, येथवर येऊन थांबणें म्हणजे प्रश्न अर्धाच सोडविणें होय. काव्याचें कारण सांगतांना मम्मटानें शक्ति, निपुणता आणि अभ्यास हीं तीन नांवें घेतलीं, आणि तिन्ही मिळून एकच कारण होतें असें बजावलें. कोबेनचे टीकाकार यांतील अभ्यास तेवढा पाहतात, आणि तोहि बोटांचाच. त्याचे भक्त केवळ शक्तीचें, म्हणजे उपजत प्रतिभेचें, स्तोत्र गातात. दोघेहि निपुणतेला विसरतात. पूर्वसूरींचें मार्मिक अवलोकन ही निपुणता. आणि ती कोबेनच्या अंगीं भरपूर होती. हलक्या आवाजांत कडवें म्हणावयाचें आणि ध्रुपदावर एकाएकीं गर्जना करावयाची, हा आराखडा बॉस्टनच्या ‘पिक्सीज’ या वृंदाचा. आपलें सर्वांत गाजलेलें गीत त्यांचेंच अनुकरण करावयास जाऊन झालें, अशी कबुली त्यानें १९९४ सालच्या मुलाखतींत मोकळेपणीं दिली आहे.

याच गीताची, म्हणजे ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ची, घडण पाहण्यासारखी आहे. तींत मुख्यतः चार स्वरसंघ फिरत राहतात, आणि प्रत्येक संघांत मूळ स्वर व त्याचा पंचम एवढेच स्वर आहेत. गंधाराचा पत्ता नाहीं. पाश्चात्य पद्धतींत स्वरसंघाचा प्रसन्न वा उदास रंग गंधारावरून ठरतो. शुद्ध गंधारानें एक भाव, कोमल गंधारानें दुसरा. तो गाळल्यामुळें वाद्य तटस्थ राहतें आणि रंग भरण्याचें काम गळ्याकडे जातें. शिकाऊ वादकालाहि जमेल अशी ही योजना; पण जी जागा तिनें मोकळी सोडली, ती भरण्याजोगा आवाज कोबेनजवळ होता. पुढें जेथें वादकानें आपला पराक्रम दाखवावयाचा, तेथें तो कडव्याचीच चाल जवळजवळ जशीच्या तशी वाजवून मोकळा होतो. दुसऱ्या कोणीं तेथें शंभर स्वर ओतले असते, आणि श्रोत्यांच्या कानांत घोळणारी चाल त्यांत वाहून गेली असती.

या आवाजाची कसोटी नोव्हेंबर १९९३ मधील न्यूयॉर्कच्या ‘अनप्लग्ड’ मैफलींत लागली. तेथें गोंगाटाचा आडोसा नव्हता. चौदा गीतांपैकीं सहा दुसऱ्यांचीं होतीं. शेवटचें म्हणजे लेड बेली या कृष्णवर्णीय गायकानें गाजविलेलें एक जुनें लोकगीत. त्याच्या अखेरच्या कडव्यांत कोबेनचा आवाज एकदम वरच्या सप्तकांत चढतो आणि फाटतो. गायनशिक्षक त्याला दोष म्हणेल. पण त्या गीतांतील संशय आणि थंडी त्या फाटण्यावांचून इतकी अंगावर आली नसती.

म्हणून निवाडा विभागूनच दिला पाहिजे. वादक म्हणून कोबेनला मिळालेला मान अवाजवी आहे; रचनाकार आणि गायक म्हणून मिळालेला मान त्याच्या हक्काचा आहे. त्यांतहि उणीव आहेच. मृदूनंतर कठोर हा क्रम त्यानें इतक्या वेळां योजिला कीं, पुढचा आघात कोठें येणार हें श्रोत्याला आधींच कळतें. परंतु खरें नुकसान केलें तें त्याच्या अनुयायांनीं. कसबावांचून चालतें, एवढाच बोध त्यांनीं घेतला. वस्तुतः आपल्या हाताची मर्यादा ओळखून तिच्या बाहेरचें एकहि काम रचनेवर न सोंपविणें, हें स्वतःच एक दुर्मिळ कसब आहे. तें बोटांच्या वेगावरून मोजतां येत नाहीं, आणि नुसत्या आळसानें तर कोणालाच साधत नाहीं.