खलनायकाचं बालपण केव्हा सांगायचं? शिगाराकी, तोया आणि आपला घाशीराम

कॉमिक्स किंवा मांगावर पीएचडी करायचं डोक्यात असेल, तर 'खलनायक आणि बालपणीचे आघात' हा विषय तुमच्या मनात एकदा तरी येऊन गेला असेलच. त्याला जोडून येणारा प्रश्नही ठरलेला: लहानपणी घरात मार खाल्ला म्हणून मोठेपणीचे गुन्हे माफ होतात का? माझं म्हणणं, प्रस्ताव लिहिताना हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचं उत्तर एकही पान न वाचता देता येतं, आणि ज्या प्रश्नाला पुस्तक उघडावं लागत नाही त्यावर प्रबंध उभा राहत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी बघा. ही जखम वाचकाला केव्हा दाखवली? आणि तिचा हिशोब शेवटी कोणाच्या खात्यावर टाकला?

उदाहरण म्हणून कोहेइ होरिकोशीची 'माय हिरो अकॅडेमिया' घेऊ. 'वीकली शोनेन जंप'मध्ये २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं चाललेली, ४३० प्रकरणांची मालिका. (पुढे स्पॉयलर आहेत. संशोधकाला त्यांचं वावडं असून भागत नाही.) तिच्यातला मुख्य खलनायक तोमुरा शिगाराकी सुरुवातीलाच येतो, तोंडावर माणसाचा कापलेला पंजा लावून. आपण त्याला घाबरतो, त्याचा राग राग करतो. मालिका निम्म्यावर आल्यावर कळतं की हा तेन्को शिमुरा. घरात हिरोंचं नाव काढायचीही बंदी होती आणि तो मोडला की वडील मारायचे. बाकीचं घर हळहळायचं, पण वडिलांना अडवायचं कोणी नाही. एका रात्री त्याच्या हातातली विध्वंसक शक्ती जागी होते आणि घरातलं कोणी उरत नाही. बहीण, आई, आजी-आजोबा जातात ते त्याच्या हातून नकळत. वडील मात्र नकळत नाही. ते पंजे घरच्यांचेच आहेत, हेही तेव्हाच कळतं. नंतर हा पोरगा रस्त्यावर भटकतो, लोक बघतात आणि पुढे जातात.

या भागात होरिकोशी वडिलांनाही राक्षस करत नाही. कोतारोला त्याच्या आईने, नाना शिमुरा नावाच्या हिरोने, शत्रूपासून वाचवण्यासाठी लहानपणीच दुसऱ्यांकडे सोपवलेलं असतं. त्याच्या लेखी ती टाकून गेलेली आई. म्हणजे जगाला वाचवणाऱ्या बाईचं घर आणि त्या घरातून आलेला खलनायक, अशी सरळ रेघ आहे. सुपरहिरो या कल्पनेलाच हात घालणारी.

आणि मग शेवटाकडे लेखक ही रेघ पुसतो. ऑल फॉर वन हा महाखलनायक सांगतो की ती विध्वंसक शक्ती मुळात त्यानेच पोराला दिली होती, सगळं त्याचंच कारस्थान. मला मालिकेतली ही सर्वांत कमकुवत जागा वाटते. बापाचा हात, घरच्यांचं गप्प बसणं, रस्त्यावरच्यांनी मान फिरवणं, सगळ्यांचा हिशोब एकाच सूत्रधाराच्या खात्यावर गेला. सूत्रधार मेला की खातं बंद.

याच मालिकेत उलट उदाहरणही आहे. एंडेवर हा दुसऱ्या क्रमांकाचा हिरो, आणि घरात जुलमी बाप. थोरला तोया आपल्याला हवा तसा निघत नाही म्हटल्यावर तो धाकट्या शोतोकडे वळतो. तोया आगीत मेला असं सगळे समजतात आणि तो दाबी होऊन परत येतो. इथे मागे कोणी सूत्रधार बसलेला नाही. शेवटी जळून गेलेला, यंत्रांच्या आधारावर असलेला तोया आणि त्याच्यासमोर उभं राहावं लागलेला बाप, एवढंच उरतं. माफी मिळते की नाही हे गौण. हिशोब घरातच राहतो, हे महत्त्वाचं.

आता पुण्यात येऊ. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. घाशीरामची जखम घरातली नाही, शहराने दिलेली आहे. दक्षिणेच्या आशेने आलेल्या परप्रांतीय ब्राह्मणावर चोरीचा आळ येतो, त्याला मारून कोठडीत टाकतात. पण क्रम बघा. इथे अपमान आधी, क्रौर्य नंतर. तो पुण्याचा सूड घेण्याची शपथ घेतो तेव्हा प्रेक्षक मनातून त्याच्या बाजूला असतो. आणि त्या शपथेची किंमत म्हणून तो स्वतःची मुलगी गौरी नाना फडणवीसांना देतो, कोतवाली मिळवतो. जखमी माणूस घरात काय करतो, हे आपण त्याची बाजू घेऊन बसलेलो असतानाच दिसतं. शिगाराकीच्या बाबतीत आधी द्वेष करून मग विचार बदलावा लागतो. इथे आधी साथ देऊन मग खजील व्हावं लागतं.

(दोन्हीकडे मुळाशी कोणी ना कोणी 'नाना' आहे, हा निव्वळ योगायोग. प्रबंधात घालू नका, गाईड चिडतील.)

कथनातल्या क्रमाचा अभ्यास करायचा तर जेरार जेनेतकडे जा. त्याचं या विषयावरचं मुख्य लेखन १९७२ चंच. घटना घडल्या तो क्रम आणि सांगितल्या तो क्रम यांतलं अंतर कसं मोजायचं, हे तिथे नीट मिळतं. मानसशास्त्रातल्या आघाताच्या व्याख्या पात्रांना चिकटवत बसण्यापेक्षा हे काम जास्त कष्टाचं आहे, पण तुमचं स्वतःचं असेल.

खात्यांचं बघायला गेलं, तर घाशीराममध्ये हिशोब वर न जाता खाली येतो. जमाव खवळल्यावर नाना एका सहीत घाशीरामला लोकांच्या हवाली करतात आणि स्वतः शाबूत राहतात. होरिकोशीने सगळं सर्वांत वरच्या माणसावर ढकललं, तर नाटकातले नाना सगळं कोतवालावर ढकलतात. फरक असा की तेंडुलकर ती ढकलाढकलच आपल्याला दाखवतात. आणि मान फिरवणारे लोक? ते या नाटकात सतत रंगमंचावर आहेत: ओळीने उभा, नाचणारा, गाणारा आणि सोयीने पाठ फिरवणारा माणसांचा पडदा. तेन्कोच्या बाजूने निघून जाणारी माणसं काही चौकटींत येतात आणि जातात.

एका बाबतीत मात्र मांगा पुढे आहे. तोयाला बोलायला मिळतं. तो सगळ्या देशासमोर बापाचं नाव घेतो आणि पुढची कितीतरी प्रकरणं त्या बोलण्याच्या धक्क्यात जातात. गौरीला घरातल्याच माणसाने विकलं, ती मेली, आणि तिच्या मरणाचा उपयोग घाशीरामला आणखी क्रूर करण्यापुरता झाला. नाटकाची संहिता काढा आणि तिची वाक्यं मोजा. अर्धा तासही लागणार नाही.