आवड आणि न्याय

गाण्याच्या बैठकीविषयी बोलताना आपण जरा बिचकतो. चित्रांच्या प्रदर्शनात तर बहुधा मौनच पाळतो. चित्रपटाविषयी मात्र प्रत्येकाचे मत तयार असते. चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरता उतरता 'झकास' किंवा 'भिकार' असा निकाल लागतो. टीव्हीवरील मालिकेचा निकाल जेवणाच्या ताटावर लागतो आणि पुस्तकाचा पुष्कळदा मलपृष्ठ वाचूनच. शौकिनांच्या अशा सहज मतांना काही मोल आहे काय? या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांचे 'माझ्या आयुष्यातील चित्रपट' हे पुस्तक अवश्य वाचावे. चित्रपटांवरील त्यांच्या लेखांचा हा संग्रह फ्रेंचमध्ये १९७५ साली निघाला आणि १९७८ साली त्याचा इंग्रजी अनुवाद आला.

त्रुफो (१९३२-१९८४) हे मुळात शौकीनच. शाळा त्यांनी चौदाव्या वर्षी सोडली. पहिले दोनेकशे चित्रपट आपण शाळा बुडवून, तिकीट न काढता, कधी मागच्या दाराने तर कधी खिडकीतून शिरून पाहिले, असे ते प्रस्तावनेत सांगतात. रात्री आईवडील परतण्याच्या आत अंथरुणात शिरून झोपेचे सोंग घ्यावे लागे. चोरीच्या त्या आनंदात भीती आणि अपराधाची टोचणी मिसळलेली असे. पुढे चित्रपट मंडळ चालविण्याच्या नादात कर्ज झाले आणि १९४८ साली या मुलाची रवानगी सुधारगृहात झाली. तेव्हा कॅथलिक समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी त्याला हात दिला. बाझाँ यांनी सहकाऱ्यांसह १९५१ साली सुरू केलेल्या 'काये द्यु सिनेमा' या मासिकात त्रुफो लिहू लागले आणि शौकिनाचा समीक्षक झाला.

हा बदल म्हणजे काय, हे त्यांच्या जानेवारी १९५४ मधील गाजलेल्या लेखावरून दिसते. त्यांना तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. जॉर्ज बेर्नानोस यांची एका खेड्यातील धर्मगुरूच्या रोजनिशीच्या रूपातील कादंबरी १९३६ची. तिची पटकथा ओरांश आणि बोस्त या नावाजलेल्या लेखकांनी केली होती, पण ती बेर्नानोस यांनी नाकारली. त्रुफो यांनी ही अप्रकाशित पटकथा मिळवली आणि कादंबरीशी ताडून पाहिली. शान्ताल ही मुलगी पापनिवेदनाच्या कक्षात धर्मगुरूंसमोर येते, तो कादंबरीतील एक मर्माचा प्रसंग. तो पडद्यावर आणणे अशक्य, असे ठरवून पटकथाकारांनी दुसराच प्रसंग घातला होता. परंतु रोबेर ब्रेसाँ यांनी १९५१च्या आपल्या चित्रपटात तो मूळ प्रसंग चित्रित करून दाखवला. 'मला आवडले नाही' एवढ्यावर त्रुफो थांबले नाहीत. काय वगळले, त्याजागी काय आले आणि त्यामुळे कथेचा आत्मा कसा हरवला, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले.

संग्रहातील उत्तम लेख स्तुतीचे आहेत. 'जॉनी गिटार' हा निकोलस रे यांचा १९५४चा चित्रपट अनेकांनी घोडेस्वार-बंदुकांचा सामान्य खेळ म्हणून मोडीत काढला होता. त्रुफो यांना त्यात परीकथेची जादू दिसली आणि ती कोठे दिसते हेही त्यांनी सांगितले. ज्यांची हुर्यो उडवली जाते त्यांच्या बाजूने आपण नेहमी उभे राहिलो, असे ते लिहितात. या दाव्यात थोडी ऐट आहे. पण पुष्कळ अंशी तो खरा आहे.

मात्र पुष्कळच अंशी; सर्वस्वी नाही. स्वतः हुर्यो उडवण्यातही ते मागे नव्हते. १९५६च्या कान महोत्सवात सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' अर्ध्यावर सोडून ते उठून गेले, असे सांगितले जाते. खेडुतांच्या जगण्याचा तोच चित्रपट त्या महोत्सवात उत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून गौरविला गेला. झाँ देलानुआ यांच्यासारख्या जुन्या दिग्दर्शकांवर तर ते तुटूनच पडत. लूर्दच्या संत बर्नादेत यांच्यावरील १९८८चा चित्रपट याच देलानुआंचा, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. दिग्दर्शक आपला असला की त्याचा फसलेला चित्रपटही थोर, आणि परका असला की त्याचा चांगला चित्रपटही क्षुद्र, अशी या तरुण मंडळींची वृत्ती बनत चालली होती. १९५७ साली बाझाँ यांनीच त्यांना सावध केले: कर्त्यावरील भक्ती ही कृतीच्या परीक्षणाची जागा घेऊ शकत नाही. लाडक्या नटाचा किंवा लेखकाचा कैवार घेणाऱ्या आपल्याकडील चाहत्यांनाही हा इशारा तंतोतंत लागू पडतो.

१९५८च्या नोव्हेंबरात त्रुफो यांनी 'चारशे तडाखे' या आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू केले आणि लगेच बाझाँ वारले. त्यांनाच अर्पण केलेल्या या चित्रपटाने १९५९ साली कान येथे दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळवले. आदल्याच वर्षी या महोत्सवाने त्रुफो यांना त्यांच्या जहाल टीकेमुळे निमंत्रण नाकारले होते. चित्रपट घडवण्याचे कष्ट स्वतः सोसल्यावर त्यांच्या लेखणीतला विखार ओसरला. म्हणूनच १९७५च्या संग्रहात निंदेपेक्षा कौतुकाला अधिक जागा मिळाली असावी.

हे पुस्तक परिपूर्ण नाही. काही लेख घाईचे आहेत, काहींत मित्रप्रेम डोकावते. तरीही आपल्या घरांतील तरुणांच्या हाती ते द्यावे असे आहे. मत देण्याचा अधिकार पदवीने मिळत नाही, हे त्यातून कळते. तो फुकट मिळत नाही, हेही कळते. चित्रपट शेवटपर्यंत पाहावा, शक्य तर पुन्हा पाहावा आणि आवडला वा नावडला तो नेमक्या कोणत्या प्रसंगामुळे, ते सांगावे. वडीलधाऱ्यांनीही चित्रपट न पाहताच त्यावर बंदी घालण्याआधी एवढे कष्ट घ्यावेत. आपण ज्याचा निवाडा करतो ती कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत असते, आणि तिला न्याय मिळायला हवा.