डिलीट केलेलं कुठे जातं? : एका जुन्या पेपरचं वाचन

संशोधनाची तयारी करताय तर एक पेपर जरूर वाचा. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांचा, 2003 चा, ‘आयईईई सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’मधला. एमआयटीच्या या दोन विद्यार्थ्यांनी 158 वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या, बहुतेक ई-बेवरून. त्यातल्या 129 वाचता आल्या. नीट पुसलेल्या किती? फक्त 12. बाकीच्यांत पाच हजारांवर क्रेडिट कार्ड क्रमांक मिळाले, आणि एक डिस्क तर चक्क एटीएममधली निघाली.

प्रश्न साधा, सामान बाजारात मिळणारं, मोजणी कुणालाही पुन्हा करता येईल अशी. कारणही ते नेमकं दाखवतात: फाइल डिलीट केली की तिची नोंद जाते, मजकूर तिथंच राहतो. पण हे प्रमाण आपल्याकडे जसंच्या तसं लावू नका. जे विकायला आलं तेच त्यांनी घेतलं.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. मुरुमसारख्या गावात सेवा केंद्राच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात काय असतं बघा: आधार, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान. त्यातलं बरंचसं स्कॅन केलेलं. या दोघांचा प्रोग्राम आकड्यांची रांग शोधतो आणि ती कार्डक्रमांकाच्या गणितात बसते का ते तपासतो. आधारचा शेवटचा अंकही अशाच पडताळणीचा असतो, पण फोटोतलं आधार त्या प्रोग्रामला दिसणारच नाही. डिस्क गच्च भरलेली, अन् तुमच्या तक्त्यात शून्य! शिवाय ही कागदपत्रं दुकानदाराची नव्हेत, गिऱ्हाइकांची. संगणक भंगारात निघाला हे त्यांना कळतही नाही.

असा अभ्यास इथं करायचा तर आणखी एक अडचण आहे. एमआयटीत बसून डिस्क उघडली तर आतली माणसं अनोळखी. मुरुममध्ये उघडाल तर शेजाऱ्याचंच पासबुक निघेल. तेव्हा फाइल न उघडता, चित्रातले आकडे वाचून नुसती संख्या सांगणारा प्रोग्राम आधी लिहावा लागेल. नैतिकता समिती हेच विचारेल, आणि विचारायलाच हवं.

अभ्यास संपल्यावर त्या डिस्कचं काय करणार हेही प्रस्तावात लिहा. एसएसडी असेल तर ‘फाइलवर दुसरं काही लिहून पुसली’ एवढं पुरत नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं 2011 मध्ये दाखवलं, की एकेक फाइल पुसायच्या पद्धती तिथं कुचकामी ठरतात, आणि काही एसएसडींमध्ये तर पुसायची अंगभूत आज्ञाही नीट चालत नव्हती.