गुलाबी मृग

मृगाच्या पट्ट्याखालचा तेजोमेघ, एम ४२, फोटोंत गुलाबी फुलासारखा दिसतो. माझ्या ११४ मिमी दुर्बिणीतून धाकट्या बहिणीला तो दाखवला. करडा धूर. "एवढंच?" मी लगेच मोबाइलवर माझाच फोटो पुढे केला. चुकलंच.

रंग खोटा नाही. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश अंधारात डोळ्याला जवळपास जाणवतच नाही. शंभर फ्रेम्स स्टॅक करणंही मला मान्य. खटकतो तो नवशिक्यांच्या बहुतेक फोटोंतला पांढराफटक जळालेला गाभा. कडेचा धूर उजळवताना मी ट्रॅपेझियमचे चार तारे पुसून टाकले होते, आणि हा मेघ पेटतो तो मुख्यतः त्यांच्यातल्याच एकामुळे! बहिणीने पुन्हा डोळा लावला, तेव्हा तिने ते मोजलेसुद्धा.